संकासुराची जीभ

पुराणांतील कित्येक असुर मोठ्या थाटाने जन्माला येतात, तप करतात, वर मिळवितात, इंद्राचे आसन डळमळीत करतात आणि मग कोठे मारले जातात. हिरण्यकशिपू, रावण, महिषासुर यांना स्वतःचे चरित्र आहे. शंखासुराला ते नाही. तो समुद्राचा पुत्र, त्याने वेद चोरले आणि विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याला मारले, एवढीच त्याची पोथीतील मिळकत. असे असूनही पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील महालांत जत्रेच्या रात्री मंडपात बसलेल्या माणसाला, तेरेखोल नदीपलीकडच्या सिंधुदुर्गातील प्रेक्षकाला आणि आणखी उत्तरेस गुहागर-दापोलीकडच्या शिमग्यात नाचणाऱ्या पोराला जो असुर सर्वांत जवळचा वाटतो, तो रावण नव्हे, संकासुर होय. मूळच्या गोष्टीत ज्याला चार ओळींपलीकडे जागा नव्हती, त्या पात्राने एवढा पल्ला कसा गाठला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम पोथीकडे वळावे. वेद चोरणारा असुर कोण, याविषयी आपल्या ग्रंथांचे एकमत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात हे काम मधु आणि कैटभ यांच्याकडे आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात मत्स्यावताराच्या कथेत चोर आहे हयग्रीव. आणि पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात तो मान शंखाला मिळाला आहे. याच भागवतात, दहाव्या स्कंधात, पंचजन नावाचा शंखरूपी दैत्य समुद्रात राहतो आणि कृष्ण त्याला मारून पांचजन्य शंख घेतो, ही वेगळी कथा येते. लोकांच्या स्मरणात या कथा एकमेकींत मिसळल्या असल्यास नवल नाही. कोकणात आणि गोव्यात मात्र कार्तिकमाहात्म्याचाच शंख टिकला, आणि त्याचे एक कारण साधे आहे. कार्तिक महिन्यात देवळादेवळांतून हे माहात्म्य वाचले जाई. विष्णू चातुर्मासात झोपलेला असताना शंखाने वेद पळविले, वेद पाण्यात लपले, प्रबोधिनी एकादशीला देव जागा झाला आणि मग शंखाचा वध झाला, असा तो प्रसंग. पाण्यात विखुरलेले वेद ऋषींनी गोळा केले आणि ज्याला जो भाग सापडला तो त्याचा झाला, असाही एक सुंदर तपशील त्यात आहे. भाताची कापणी आटोपून जत्रांचा हंगाम सुरू होतो तो याच कार्तिकात. दिवसा पोथीत ऐकलेला चोर रात्री मंडपात उभा राहिलेला पाहावयास मिळे.

पोथीतून तो चित्रांतही गेला. हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी चित्रांत मत्स्यावतार रंगविताना विष्णू माशाच्या मुखातून वर निघालेला आणि समोर शंखातून अर्धवट बाहेर आलेला शिंगाळ दैत्य, असा देखावा आढळतो. पुढे छापील रंगीत तसबिरींचा काळ आला तेव्हा घरोघरच्या भिंतींवर चार वेद चार बालकांच्या रूपाने विष्णूजवळ दिसू लागले. या सर्व चित्रांत शंख हीच दैत्याची ओळख. शंख काढला तर तो कोणता दैत्य हे सांगता येणार नाही. आणि नेमका हा शंखच कोकणच्या रंगभूमीने त्याच्याकडून काढून घेतला.

दशावताराचा संकासुर असा दिसतो: अंगभर काळा पोशाख, डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढलेली काळी कापडी टोपी, डोळ्यांच्या जागी पांढरी वर्तुळे आणि तोंडाच्या जागी लोंबणारी तांबडी जीभ. गणपतीला लाकडी मुखवटा आहे. सरस्वती मोराचे वाहन घेऊन नाचत येते. इतर नट तोंडाला रंग लावतात. संकासुर मात्र तोंड झाकतो. नावातील ‘श’चा ‘स’ झाला, ‘ख’चा ‘क’ झाला आणि शंख कायमचा नाहीसा झाला. त्याच्या जागी जीभ आली. हा बदल वेषापुरता नाही.

दशावताराचा प्रयोग दोन भागांचा असतो. पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात; उत्तररंगात एखादे पौराणिक आख्यान रात्रभर चालते आणि पहाटे दहीहंडी फुटून काला होतो. म्हणून या खेळाला सिंधुदुर्गात ‘धयकालो’ आणि गोव्यात ‘कालो’ असेही म्हणतात. आडदशावतारात सूत्रधार, रिद्धिसिद्धीसह गणपती, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात आणि मग येतो संकासुर. तो ब्रह्मदेवाचे वेद पळवितो, सूत्रधाराशी हुज्जत घालतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. लिखित संहिता नाही. एक लाकडी बाकडे हेच सिंहासन, तोच पर्वत, तीच शय्या. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. बोलणे नटाने तेथल्या तेथे रचावयाचे. देव, राजे आणि ऋषी बोलतात ते भारदस्त, पोथीच्या वळणाच्या मराठीत. संकासुर बोलतो तो मालवणीत, पेडण्यात पेडणेकरी वळणाच्या बोलीत, म्हणजे समोर चटईवर बसलेला माणूस घरी जशी बोलतो तशी.

पोथीतील शंख मुका आहे. त्याला एकही संस्मरणीय वाक्य नाही. रंगभूमीने त्याला वाचा दिली आणि ती गावाची दिली, यातच त्याच्या पुढील सर्व वाढीचे मूळ आहे. सूत्रधाराने एखादा संस्कृतप्रचुर शब्द उच्चारावा आणि संकासुराने तो कानाने चुकीचा ऐकून त्याचा घरगुती अर्थ करावा, अशी त्याच्या विनोदाची पद्धत. गावातील भानगडी, बाजारभाव, मानपानाचे वाद, नव्या सरकारचे नवे हुकूम, सगळे त्याच्या तोंडून निघू शकते. देवाला तसे बोलण्याची मुभा नाही. तोंड झाकलेल्या असुराला आहे. मुखवट्यामागचा नट कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असले तरी तो बोलला म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारण्याचा प्रघात नाही. बोलला तो संकासुर.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या प्रेक्षकांसमोर हा खेळ शतकानुशतके झाला, त्यांतील बहुसंख्यांना रूढीने वेद उच्चारण्याचा अधिकार दिलेला नव्हता. त्यांच्यासमोर वेदांची पोथी काखेला मारून एक काळा असुर नाचतो आणि तिचे पुढे काय करावयाचे हे त्यालाच कळत नाही. या हसण्याला एकच अर्थ लावणे चुकीचे होईल. चोर मारला जातो, वेद परत मिळतात, धर्माची घडी विस्कटत नाही. परंतु मरण्यापूर्वी त्याला भरपूर वेळ मिळतो, आणि तो सगळा वेळ गावाच्या बोलीचा असतो.

हा खेळ कोकणात आला कोठून, याविषयीची परंपरा कर्नाटकाकडे बोट दाखविते. रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवऱ्याचे शामजी नाईक काळे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो आणला, असे सांगण्यात येते. त्याहून जुना पुरावा दासबोधात आहे: स्त्रीवेष घेणाऱ्या दशावतारी खेळियांचा समर्थांनी केलेला उल्लेख सतराव्या शतकातला. म्हणजे शामजी नाईकांनी नवी व्यवस्था लावली असेल. नाव आणि खेळ त्यापूर्वीच महाराष्ट्राच्या परिचयाचे होते.

गोव्यात या खेळाचे पाय नेमके पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत घट्ट का रोवले गेले, याचे उत्तर राजकीय नकाशात आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, 1560 साली धर्मन्यायालय आले आणि हिंदूंच्या सार्वजनिक उत्सवांना जागाच उरली नाही. देव नदी ओलांडून पळाले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्व्यास आला आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजी महाराजांनी करविला. देव गेला तेथे जत्रा गेली आणि जत्रा तेथे काला. पेडणे महाल तर 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. डिचोली 1781 साली आणि सत्तरी त्याच सुमारास पोर्तुगिजांनी घेतली, त्यानंतर पेडणे. परंतु या नव्या काबिजादीत जुन्या धर्मविध्वंसाची पुनरावृत्ती झाली नाही. चालीरीती पाळण्याची हमी देऊनच तेथे राज्य करणे शक्य होते. तेरेखोल नदी ही राज्यांची सीमा झाली, पण दशावताऱ्यांच्या पेटाऱ्यांना ती कधीच आडवी आली नाही. नटांची मंडळी अलीकडून पलीकडे जात राहिली. दशावतारी मंडळ्यांतील पार्सेकर हे नाव आजही पेडण्यातील पार्से गावाची आठवण करून देते.

गोव्याच्या काही देवळांत संकासुराने आणखी एक पायरी वर चढली. तेथे काल्याचे प्रकार ओळखले जातात ते त्यांतील विषयावरून: गवळणींचा तो गौळणकाला आणि असुराचा तो संकासुरकाला. ज्या पात्राला पूर्वरंगातील एक प्रवेश मिळाला होता, त्याच्या नावाने अख्खा खेळ ओळखला जाऊ लागला. दुय्यम पात्राला याहून मोठी बढती ती कोणती?

1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा नवा प्रवाह सुरू झाला. चिंतामणराव पटवर्धनांनी कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ पाहून भाव्यांना ही प्रेरणा दिली, हे सर्वश्रुत आहे. या नव्या नाटकात सूत्रधार राहिला, गणपती राहिला, मोरावरची सरस्वती राहिली. संकासुर मात्र दिसत नाही. बारकाईने पाहिल्यास तो दोन तुकड्यांत वाटला गेलेला दिसतो. सूत्रधाराची टर उडविणारा विदूषक हा त्याचा एक तुकडा. ‘अललडुर्र’ करीत रंगभूमी दणाणून सोडणारी राक्षसपार्टी हा दुसरा. हसविणारा आणि भिवविणारा हे कोकणात एकाच टोपीखाली होते. सांगलीत ते वेगळे झाले. पुढे नाटक संगीत झाले, संहिता छापल्या जाऊ लागल्या, विदूषक आणि राक्षस दोघेही ओसरले. शहरी नाटक जसजसे लिहिलेले होत गेले, तसतसे आयत्या वेळी बोलणाऱ्या पात्राला त्यात घर उरले नाही.

असाच एक प्रवास युरोपातही झाला आहे. नॉर्मंडीतील बाराव्या शतकातील बखरकार ऑर्डेरिक व्हायटॅलिस याने रात्री हिंडणाऱ्या भुतांच्या एका टोळीचे वर्णन केले आहे. त्या टोळीला हेलेकिनची टोळी म्हणत. त्या हेलेकिनच्या नावातून अनेक अभ्यासकांच्या मते इटालियन मुखवटा-नाट्यातील हार्लेक्विन किंवा आर्लेकिनो जन्मला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्रिस्तानो मार्तिनेल्ली या नटाने पॅरिसमध्ये त्याला प्रसिद्धीस आणले. त्याचाही मुखवटा काळा, कपाळावर शिंगाच्या खुणेसारखे टेंगूळ. त्याचेही संवाद आयत्या वेळचे. आणि विशेष म्हणजे त्या नाट्यात प्रेमिक तोस्कानी वळणाची शिष्ट भाषा बोलत, आर्लेकिनो मात्र बेर्गामोच्या डोंगरातली गावठी बोली. साम्य येथपर्यंत. हार्लेक्विन पुढे रंगीबेरंगी ठिगळांचा नोकर झाला, प्रेमात पडला आणि आपण एके काळी सैतान होतो हे पार विसरला. संकासुराला तसे विसरता आले नाही. दशावतारात त्याला दर रात्री मरावे लागते.

रत्नागिरीकडच्या शिमग्यात मात्र त्याला कोणी मारीत नाही. तेथे तो मंडपातून थेट रस्त्यावर उतरला आहे. काळा पोशाख तोच, परंतु डोक्यावर उंच निमुळती टोपी, हनुवटीला पांढरीशुभ्र लांब दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. गोमू आणि राधा यांच्या संगतीने तो नाचतो, पोरांच्या मागे धावतो, आणि ग्रामदेवतेच्या पालखीबरोबर घरोघर जातो. पोरे त्याला भितात. वडीलधारी माणसे नमस्कार करतात. वेद, ब्रह्मदेव, मत्स्य यांतील काहीही तेथे आवश्यक उरलेले नाही. मराठीत शिमग्याच्या बोंबेला ‘शंखध्वनी’ असे गमतीने म्हणतात, आणि शंख करणे म्हणजे बोंब मारणे. या शब्दांचा आणि या असुराचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो तूर्त आवरलेला बरा. येथे त्याचे मरण टळले, देवाच्या परिवारात त्याला स्थान मिळाले. मात्र लांबलचक हुज्जत घालणारी ती जीभ बरीचशी मिटली. नाच बोलतो, घुंगरू बोलतात. दक्षिणेकडे त्याला बोलणे मिळाले आणि मरणही; उत्तरेकडे नाच मिळाला आणि अभय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोलीला अन्यत्र व्यासपीठ मिळू लागले. 1980 साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींच्या भूमिकेने गाजले आणि मालवणी बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचावर प्रतिष्ठेने वावरू लागली. गावातील हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ करू जातात आणि पुराणातील पात्रांच्या तोंडी गावची भाषा येऊन एकच धमाल उडते, हा त्या नाटकाचा गाभा. पुराणपुरुषाने भारदस्त बोलावे आणि त्याला गावरान उत्तर मिळावे, ही युक्ती संकासुराच्या प्रेक्षकांना नवी नव्हती. ‘वस्त्रहरणा’त फरक एवढाच की तेथे सगळेच संकासुर झाले.

गोव्यात भाषेच्या प्रश्नाला वेगळी धार आली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला; 1967 साली जनमत कौल झाला; 1987 साली राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान मिळाले. त्या वर्षांत सभा, मोर्चे आणि वृत्तपत्रे यांतून दोन्ही भाषांचे कैवारी एकमेकांसमोर उभे होते. पेडण्याच्या मंडपात मात्र रात्रीच्या रात्री विष्णू मराठीत बोलत होता, संकासुर बोलीत उत्तर देत होता, आणि प्रेक्षकांना दोघांचेही सारखेच कळत होते. त्यांचे भांडण वेदांवरून होते, भाषेवरून नव्हते.

आज धोका आहे तो दुसऱ्या बाजूने. दशावतार संपलेला नाही. उलट त्याला नवे तेज चढले आहे. सिंधुदुर्गातील मंडळ्यांचे प्रयोग मुंबईत नाट्यगृहांतून होतात. ‘ट्रिकसीन’ असलेल्या नाटकांच्या जाहिराती झळकतात; धूर, प्रकाश आणि यांत्रिक करामती यांनी प्रेक्षक थक्क होतात. 2025 साली सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ या मराठी चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी दशावतारी नटाची भूमिका केली आणि या कलेचे नाव कोकणाबाहेर दूरवर पोहोचले. रात्रभराचे प्रयोग यूट्यूबवर घरबसल्या पाहता येतात. परंतु नाट्यगृहाची वेळ ठरलेली; तीन तासांत आख्यान बसवावयाचे तर कात्री लागते ती प्रथम पूर्वरंगाला. गणपतीला नमस्कार करून, फार तर त्याचे दर्शन घडवून, मंडळी सरळ कथानकात शिरतात. आडदशावतार हा अनेक ठिकाणी औपचारिक होऊन बसला किंवा गळाला. अर्जुन, कर्ण, शंकर यांच्या भूमिका करणाऱ्या नटांची नावे फलकावर येतात. संकासुराचा नट फलकावर येत नाही, कारण त्याचा प्रवेश हा कधीच तिकिटाचा माल नव्हता.

आख्यानातील विनोदी भूमिका अजून बोलीतच होतात, मग एका संकासुरावाचून काय अडले, असे कोणी म्हणेल. अडते ते असे. आख्यानातील विनोदी पात्र राजाचा हुजऱ्या असतो, शिपाई असतो. तो कथेच्या कडेला उभा राहून हसवितो. संकासुराची गाठ प्रत्यक्ष ब्रह्मदेवाशी आणि विष्णूशी आहे. तो कथेचा कारभारच हाती घेतो; त्याने वेद चोरले नाहीत तर अवतार होण्याचे कारणच उरत नाही. गावची भाषा देवाच्या भाषेशी बरोबरीने तोंडाला तोंड देते ती याच एका ठिकाणी. शिवाय हे काम पुस्तकात नाही. जुन्या नटाच्या शेजारी उभे राहून, सूत्रधाराच्या कोणत्या शब्दाला कोठे अडवावयाचे हे कानाने शिकावे लागते. ज्या मंडळीत पाच-दहा हंगाम तो प्रवेश झाला नाही, तेथे नव्या नटाला शिकविणारा माणूसच राहत नाही.

पेडणे-डिचोलीत ज्या देवळांत काला हा उत्सवाचाच भाग आहे, तेथे मात्र हा प्रवेश वगळणे तितके सोपे नाही. पालखीची प्रदक्षिणा संपते, दिवजे-दिव्यांची गर्दी ओसरते, खाज्यांच्या दुकानांपुढची वर्दळ थोडी कमी होते आणि मध्यरात्रीच्या सुमारास मृदंगावर थाप पडते. गणपती येऊन जातो, सरस्वती येऊन जाते, चारमुखी ब्रह्मदेव बाकड्यावर बसतो. पेंगणारी पोरे त्या काळ्या टोपीची चाहूल लागताच आईच्या पदराआड सरकतात आणि तेथूनच एका डोळ्याने पाहत राहतात. सूत्रधार त्याला विचारतो, तू कोण? मग पुढचा अर्धा तास त्याचे उत्तर चालते.